लिंक चालू, तरी कनेक्शन तुटतं: गर्दीच्या लाईनवर दूरच्या कार्यालयाचा दोष कसा शोधायचा

शाखेतून फोन येतो: "पुन्हा गेलं." तुम्ही घाईघाईनं राउटरवर लॉगिन करता, तर लाईन चालू, दिवे हिरवे, पिंगला उत्तर येतंय. दोन मिनिटांत शाखेतलं काम आपोआप सुरूही होतं. तासाभरानं पुन्हा तोच फोन. पुरवठादाराला विचारावं तर तो म्हणतो, आमच्या बाजूनं लाईन एकदाही पडलेली नाही. शाखेतली माणसं म्हणतात, सकाळपासून चार वेळा पडली.

एका शाखेच्या बाबतीत मी यात कित्येक आठवडे घालवले. केबल बदलली, राउटर बदलला, शेवटी लिंकची क्षमता दुप्पट करून घेतली. काही दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झालं. अखेर कळलं की दोघंही खरं बोलत होते. लाईन पडत नव्हती. दोन टोकांमधला व्हीपीएन टनेल (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी वाट) मात्र 'पलीकडचं टोक मेलं' असं ठरवून स्वतःला बंद करत होता, कारण पलीकडून येणारी हजेरीची छोटी पॅकेटं गर्दीत हरवत होती.

म्हणून या कामात नव्यानं आलेल्यांना मी आधी एक प्रश्न विचारायला सांगतो: कनेक्शन तुटलं हे कुणी ठरवलं, आणि ठरवण्याआधी तो किती सेकंद थांबला? टनेल, रूटिंग, फायरवॉल, अ‍ॅप्लिकेशन, प्रत्येकाकडे आपापलं घड्याळ असतं. कुणाचं घड्याळ आधी संपलं हे सापडलं की निम्मं काम झालं.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- दोन्ही टोकांच्या राउटर आणि फायरवॉलवर निदान लॉग वाचण्याइतका प्रवेश. एकाच टोकाचा प्रवेश असेल तर दुसऱ्या टोकाला हे करू शकणारा माणूस आधी गाठा.
- पुरवठादाराशी झालेल्या कराराची प्रत: ठरलेला वेग जाताना किती, येताना किती, आणि तक्रारीसाठी लागणारा सर्किट क्रमांक.
- दोन्ही टोकांच्या सेटिंगची आजची साठवलेली प्रत. बदल फसला तर परत कुठे यायचं हे माहीत हवं.
- पिंग, ट्रेसराउट (वाटेतले टप्पे दाखवणारं), एमटीआर (प्रत्येक टप्प्यावरचं नुकसान मोजणारं), आयपर्फ३ (लिंक भरून वेग मोजणारं) आणि वायरशार्क (पॅकेटं पकडून दाखवणारं).
- शाखेतला एक जबाबदार माणूस, जो तुटल्याची वेळ लगेच लिहून ठेवेल.
- लिंक मुद्दाम भरून पाहण्याची लेखी परवानगी. ही चाचणी कामाच्या वेळेत न सांगता केली तर तुम्हीच बिघाड घडवून आणाल.

१. 'नेट गेलं' म्हणजे काय गेलं ते विचारा

शाखेतल्या माणसाला सगळंच 'नेट' असतं. त्यात चूक नाही, पण तुम्हाला तेवढ्यावर भागवता येणार नाही. विचारा: सगळ्यांचं गेलं की एकाचं? मुख्य कार्यालयातला सर्व्हर बंद झाला, पण बाहेरची वेबसाइट उघडते का? फोनवरचा आवाज आधी तुटक झाला का? स्क्रीन गोठली आणि मग सुटली, की 'कनेक्शन बंद झालं' असा संदेश आला?

बाहेरची वेबसाइट उघडत असेल आणि फक्त मुख्य कार्यालय दिसत नसेल, तर संशय टनेलवर किंवा रूटिंगवर घ्या. एकाच अ‍ॅप्लिकेशनचं तुटत असेल आणि तेही माणूस चहाला जाऊन आल्यावर, तर ते बहुधा निष्क्रिय कनेक्शन कापणाऱ्या फायरवॉलचं काम आहे. त्याचा गर्दीशी संबंध नाही. त्याबद्दल पाचव्या पायरीत.

२. सगळी घड्याळं जुळवा

कंटाळवाणी पायरी आहे, पण टाळू नका. दोन्ही राउटर, फायरवॉल आणि सर्व्हर एकाच एनटीपी सर्व्हरशी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणारा) जुळलेले हवेत. वेळ चार मिनिटं मागे असलेल्या राउटरचा लॉग वाचून मी एकदा कारण आणि परिणाम उलटे लावले होते, आणि दोन दिवस चुकीच्या दिशेनं शोधत राहिलो.

लॉग राउटरच्या आतच ठेवू नका. तिथली जागा थोडी असते, नवे संदेश जुन्यांना पुसून टाकतात. वेगळ्या सिस्लॉग सर्व्हरवर (सगळ्या उपकरणांचे लॉग साठवणारा) पाठवा.

३. तुटण्याच्या क्षणी लिंक भरली होती का?

इथे आलेख फसवतात. बहुतेक देखरेखीची साधनं दर ५ मिनिटांनी आकडा घेतात आणि मधली सरासरी दाखवतात. समजा लिंक १ मिनिट पूर्ण भरली होती आणि उरलेली ४ मिनिटं २५ टक्क्यांवर होती. सरासरी येते ४० टक्के. आलेख पाहून तुम्ही म्हणाल, अर्ध्याहून जास्त जागा शिल्लक आहे. टनेल पडायला ते एक मिनिट पुरेसं होतं. शोध चालू असेपर्यंत निदान त्या शाखेचा आकडा दर १० किंवा ३० सेकंदांनी घ्या.

दुसरा सापळा मोजणीच्या आकड्याचा. जुन्या पद्धतीचा ३२ बिटांचा बाइट-काउंटर ४,२९,४९,६७,२९६ बाइटनंतर शून्यावर येतो. १ गिगाबिटच्या पूर्ण भरलेल्या लिंकवर हे साधारण ३४ सेकंदांत घडतं. मग ५ मिनिटांनी घेतलेल्या आकड्याला काही अर्थच उरत नाही. ६४ बिटांचे काउंटर निवडले आहेत ना, हे तपासा.

आणि जाणारी बाजू वेगळी पाहा. सगळ्यांचं लक्ष येणाऱ्या वेगाकडे असतं, पण शाखांच्या लिंकवर जाण्याची बाजू पुष्कळदा अरुंद असते आणि तीच आधी भरते. ती भरली की डाउनलोडही मंदावतं, कारण आलेल्या माहितीची पोच त्याच भरलेल्या वाटेनं जायची असते. माझ्या त्या शाखेत रात्री सुरू होणारा बॅकअप सकाळपर्यंत लांबत होता आणि सगळी जाणारी बाजू खात होता. लिंक दुप्पट केल्यावर बॅकअपनं ती दुप्पटही खाल्ली. एकच मोठी प्रत पाठवणारा टीसीपीचा प्रवाह मिळेल तेवढी जागा घेतो, तो त्याचा स्वभाव आहे.

४. रिकाम्या लिंकवर आणि भरलेल्या लिंकवर पिंग करा

ही चाचणी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली आहे. आधी शांत वेळी शाखेच्या राउटरपर्यंत पिंग करून वेळ लिहून ठेवा. मग परवानगीच्या वेळेत आयपर्फ३ नं आधी जाणारी आणि नंतर येणारी बाजू भरा आणि पिंग चालूच ठेवा. आयपर्फ३ मूळ स्थितीत ५२०१ हा पोर्ट वापरतं, तो फायरवॉलवर तेवढ्यापुरता उघडावा लागेल.

शांत वेळी २० मिलिसेकंद असलेला पिंग भरल्यावर ८०० किंवा २००० वर गेला, तर वाटेत कुठेतरी फार लांब रांग आहे. हिशेब सोपा आहे. मोडेममध्ये १ मेगाबाइट साठवण असेल तर ते झाले ८ मेगाबिट. जाण्याचा वेग ४ मेगाबिट असेल तर पूर्ण भरलेल्या रांगेच्या शेवटी उभ्या राहिलेल्या पॅकेटला बाहेर पडायला २ सेकंद लागतात. या दोषाला 'बफरब्लोट' म्हणतात. हे नाव रूढ केलं जिम गेटिस यांनी. आवाजाच्या कॉलसाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे, त्यावरून २ सेकंद म्हणजे काय याची कल्पना येईल.

रांग पूर्ण भरली की नवी आलेली पॅकेटं सरसकट टाकली जातात. हे नुकसान सारखं पसरलेलं नसतं, झुबक्यानं होतं. सरासरी ५ टक्के नुकसान सुटं-सुटं झालं असतं, तर लागोपाठ तीन हजेऱ्या हरवण्याची शक्यता ८००० मध्ये एक. पण भरलेल्या रांगेवर त्या लागोपाठ हरवतात, म्हणूनच सरासरी आकडा बरा दिसत असतानाही टनेल पडतो.

एमटीआर वापरत असाल तर एक इशारा. मधल्या एखाद्या राउटरवर ४० टक्के नुकसान दिसलं म्हणून लगेच पुरवठादाराला दोष देऊ नका. अनेक राउटर स्वतःला उद्देशून आलेल्या पिंगला मोजूनमापूनच उत्तर देतात, पुढे पाठवायची पॅकेटं मात्र नीट पाठवतात. नुकसान तिथून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर आणि शेवटच्या टोकापर्यंत दिसत असेल, तरच ते खरं.

जाता जाता इंटरफेसवरचे दोषही पाहून घ्या. सीआरसी चुका (वाटेत बिघडलेली पॅकेटं) किंवा उशिराच्या टकरी (लेट कोलिजन) वाढत असतील तर केबल खराब आहे, किंवा एका बाजूला डुप्लेक्स (दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलायचं की आळीपाळीनं) हातानं ठरवलेला आणि दुसऱ्या बाजूला आपोआपवर ठेवलेला आहे. डुप्लेक्सचा हा विसंवाद हलक्या भारावर जाणवत नाही, भार वाढला की उफाळतो, त्यामुळे तो गर्दीच्या दोषासारखाच दिसतो. दोन्ही बाजू आपोआपवर ठेवा, किंवा दोन्ही हातानं सारख्या लावा.

५. कुणाचं घड्याळ संपलं?

आता लॉग उघडा आणि तुटण्याच्या क्षणाचा पहिला संदेश शोधा. त्यानंतर येणारे वीस-पंचवीस संदेश बहुधा त्या पहिल्याचेच परिणाम असतात.

*टनेलची हजेरी.* आयपीसेकमध्ये (व्हीपीएन टनेल सुरक्षित करणारी पद्धत) पलीकडचं टोक जिवंत आहे का हे तपासणाऱ्या यंत्रणेला डीपीडी म्हणतात. किती सेकंदांनी विचारायचं आणि किती वेळा उत्तर न आल्यास सोडून द्यायचं, हे तुम्ही ठरवता. आमच्याकडे १० सेकंदांनी तीन वेळा असं होतं, म्हणजे अर्ध्या मिनिटाची गर्दी टनेल पाडायला पुरेशी. त्याहून वाईट पुढे होतं. टनेल उभा राहिला की शाखेतले सगळे संगणक एकदम जोडणी मागत, मेल आणि फायलींची जुळवणी एकदम सुरू होई, लिंक पुन्हा भरे आणि टनेल पुन्हा पडे.

*रूटिंगची हजेरी.* ओएसपीएफ हा रूटिंग प्रोटोकॉल साध्या इथरनेटवर मुळात १० सेकंदांनी हॅलो पाठवतो आणि ४० सेकंद काही ऐकू आलं नाही तर शेजारी गेला असं मानतो. बीजीपी या दुसऱ्या रूटिंग प्रोटोकॉलच्या मानकात सुचवलेली मुदत ९० सेकंद आहे, सिस्कोच्या उपकरणांत मुळात १८०. बिघाड लवकर कळावा म्हणून कुणीतरी हे आकडे फार खाली आणलेले असतात. लिंक रिकामी असताना ते शोभतात. भरलेल्या लिंकवर तेच घात करतात.

*नॅटची नोंद.* वाटेत नॅट (अनेक खासगी पत्ते एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणारी सोय) असेल तर आयपीसेक यूडीपीच्या ४५०० पोर्टवरून जातो. यूडीपीची नोंद निदान २ मिनिटं ठेवावी असं मानक सांगतं, पण बरेच छोटे राउटर ३० सेकंदांतच ती पुसतात. म्हणून नॅटसाठीची हजेरी मुळात २० सेकंदांची असते. वायरगार्ड या दुसऱ्या प्रकारच्या व्हीपीएनमध्ये ती मुळात बंद असते. नॅटच्या मागे असाल तर २५ सेकंद लावा. नोंदींच्या तक्त्यालाही कमाल मर्यादा असते. तक्ता भरला की जुनी कनेक्शनं चालू राहतात आणि नवी लागतच नाहीत. 'काहींचं चालतं, काहींचं नाही' अशी तक्रार आली तर आधी इथे पाहा.

*निष्क्रिय कनेक्शन.* अनेक फायरवॉल तासभर शांत राहिलेलं टीसीपी कनेक्शन गुपचूप विसरून जातात. लिनक्सची टीसीपी हजेरी मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे २ तासांनी जाते, आणि तीही अ‍ॅप्लिकेशननं मागितली तरच. मधल्या वेळात कनेक्शन मेलेलं असतं आणि दोन्ही टोकांना पत्ता नसतो. सर्व्हरवर हजेरीचा काळ १० मिनिटांवर आणला की हा त्रास जातो.

*चावी बदलण्याची वेळ.* हे कारण मला सगळ्यात उशिरा सापडलं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आयपीसेक ठरावीक काळानं चावी बदलतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण बऱ्याच उपकरणांत मर्यादा दोन असतात: एक वेळेची, एक वाहून नेलेल्या माहितीची. सिस्कोच्या आयओएसमध्ये मूळ मर्यादा ३६०० सेकंद किंवा ४६,०८,००० किलोबाइट, जे आधी येईल ते. शांत दिवशी चावी तासाला एकदा बदलते. १०० मेगाबिटची लिंक पूर्ण भरून वाहत असेल तर तेवढी माहिती साधारण ६ मिनिटांत निघून जाते, म्हणजे तासाला दहा वेळा चावी बदलायची, तीही भर गर्दीत. दोन टोकांची उपकरणं वेगवेगळ्या कंपन्यांची असतील आणि बदलताना त्यांचं नीट जमत नसेल, तर दर वेळी काही सेकंदांचा खंड पडतो. तुटण्याच्या वेळा नियमित अंतरानं येत असतील, तर दोन्ही टोकांच्या या मर्यादा शेजारी-शेजारी लिहून ताडून पाहा.

लॉगमध्ये काहीच नसेल तर वायरशार्कनं दोन्ही टोकांना एकाच वेळी पॅकेटं पकडा. एका टोकाला आलेलं 'रीसेट' (कनेक्शन तोडायला सांगणारं) पॅकेट दुसऱ्या टोकानं पाठवलेलंच नसेल, तर ते मधल्या कुणा उपकरणानं घातलं आहे.

६. पॅकेटचा आकार वेगळा काढा

लॉगिन होतं, छोटी पानं उघडतात, मोठी फाइल पाठवताना मात्र सगळं थिजतं, आणि हे मध्यरात्रीही घडतं. मग दोष गर्दीचा नाही, आकाराचा आहे. इथरनेटवर पॅकेट १५०० बाइटचं, पीपीपीओई (ब्रॉडबँड जोडणीचा प्रोटोकॉल) त्यातले ८ घेतो, जीआरई (टनेलचा एक प्रकार) २४, आयपीसेक त्याहून जास्त. आत न मावणारं पॅकेट 'तुकडे करू नका' या खुणेसह आलं तर टाकलं जातं. तसं कळवणारा आयसीएमपी संदेश कुणी सुरक्षेच्या नावाखाली अडवला असेल, तर पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही.

तपासायला विंडोजच्या पिंगमध्ये 'एफ' हा पर्याय लावा आणि 'एल' नंतर १४७२ हा आकार द्या. त्यात २८ बाइटची शीर्षकं मिळवली की १५०० होतात. उत्तर येईपर्यंत आकडा कमी करत जा. सर्वांत मोठा चालणारा आकार अधिक २८ म्हणजे त्या वाटेचा एमटीयू. टीसीपीसाठी राउटरवर एमएसएस (एका पॅकेटमधल्या माहितीचा कमाल आकार) त्याहून ४० नं कमी बांधा. आयपीसेकच्या टनेलवर एमटीयू १४०० आणि एमएसएस १३६० ही जोडी बहुतेक ठिकाणी चालते. सगळे आयसीएमपी अडवणारा नियम असेल तर तो काढून टाका.

७. रांग स्वतःच्या ताब्यात घ्या

गर्दी हेच कारण ठरलं, तर क्षमता वाढवण्याआधी हे करा.

लांब रांग मोडेममध्ये किंवा पुरवठादाराच्या उपकरणात बनते, जिथे तुमचं काही चालत नाही. तुमच्या राउटरवर जाणारा वेग प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ९० ते ९५ टक्क्यांवर बांधा. ५० मेगाबिटचा करार असलेली लाईन पुष्कळदा १ गिगाबिटच्या पोर्टवर दिलेली असते. तुमचा राउटर गिगाबिटनं ओतत राहतो आणि पुरवठादार जास्तीचं कापून टाकतो, कुठलं महत्त्वाचं हे न पाहता. वेग आधीच बांधला की रांग तुमच्याकडे बनते आणि आधी कोण जाणार हे तुम्ही ठरवता.

मग त्या रांगेत क्रम लावा. टनेलची हजेरी, चावी बदलण्याची पॅकेटं आणि रूटिंग सगळ्यांत आधी. त्यांना जागा फारच थोडी लागते. त्यांच्या पाठोपाठ आवाज. बॅकअप आणि अद्ययावत करणाऱ्या फायली सर्वांत शेवटी. राउटरमध्ये एफक्यू-कोडेल या रांग सांभाळणाऱ्या पद्धतीची सोय असेल तर ती चालू करा. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या कोडेलवर ती उभी आहे. पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं यावर तिची नजर असते, लक्ष्य ५ मिलिसेकंदांचं, आणि ती प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते. मोठ्या प्रवाहामागे छोटं पॅकेट अडकत नाही.

मुख्य कार्यालयाची बाजू विसरू नका. तिथली ५०० मेगाबिटची लिंक २० मेगाबिटच्या शाखेला क्षणात बुडवू शकते, आणि शाखेच्या राउटरवर कितीही क्रम लावला तरी तोवर पॅकेटं वाटेतच गेलेली असतात. मुख्य कार्यालयातून निघणाऱ्या प्रत्येक टनेलवर त्या-त्या शाखेच्या वेगाएवढी मर्यादा लावा. नवखे लोक ही गोष्ट हमखास सोडून देतात.

आणखी एक सापळा, जो क्रम लावल्यानंतरच उघडतो. आयपीसेक प्रत्येक पॅकेटला क्रमांक देतो आणि फार मागचा क्रमांक आला तर ते पॅकेट नक्कल समजून टाकतो. ही खिडकी अनेक ठिकाणी मुळात ६४ पॅकेटांची असते. सांकेतिक रूप दिल्यानंतर तुम्ही आवाजाची पॅकेटं पुढे काढली, तर मागे राहिलेल्या फायलींची पॅकेटं खिडकीबाहेर पडतात आणि पलीकडे टाकली जातात. लॉगमध्ये 'रीप्ले'च्या तक्रारी दिसू लागल्या तर खिडकी १०२४ पर्यंत वाढवा. यंत्रणा बंद करू नका, ती संरक्षणासाठी आहे.

हे सगळं झाल्यावरच हजेरीची मुदत थोडी वाढवा. आधीच वाढवली तर टनेल पडणार नाही, पण आवाज तुटकच राहील आणि खरं कारण झाकलं जाईल.

मोबाइल डेटावर किंवा वायरलेस दुव्यावर चालणाऱ्या शाखेत वेग सतत बदलतो, तिथे ठरावीक आकड्याची मर्यादा नीट बसत नाही. मिळालेल्या सर्वांत कमी वेगाच्या आसपास ती ठेवा.

८. पुरवठादाराकडे जायचं असेल तर

'नेट सारखं तुटतं' या तक्रारीला 'लाईन ठीक आहे' हेच उत्तर मिळेल. सर्किट क्रमांक, तुटण्याच्या नेमक्या वेळा सेकंदांसह, त्या क्षणी दोन्ही बाजूंना किती भार होता, दोन्ही दिशांनी केलेला एमटीआर, आणि लिंक रिकामी असतानाही नुकसान होत असल्याचा पुरावा द्या. हा शेवटचा पुरावा नसेल तर ते तुमच्याच गर्दीकडे बोट दाखवतील, आणि त्यात तथ्य असेल. नेमका प्रश्न विचारा: आमच्या पोर्टवर वेगमर्यादेमुळे टाकलेल्या पॅकेटांचा आकडा काय आहे?

९. एका वेळी एकच बदल, आणि महिनाअखेरपर्यंत पाहणी

वैतागलेल्या शाखेसमोर पाच बदल एकदम करून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं केलंत तर कशानं बरं झालं हे कळणार नाही, आणि पुढच्या शाखेला तेच आठवडे पुन्हा खर्च होतील. एक बदल करा, वेळ लिहा, चौथ्या पायरीतली भरलेल्या लिंकवरची पिंग चाचणी पुन्हा घ्या, आधीच्या आकड्याशेजारी नवा लिहा. मग महिनाअखेरचा दिवस जाऊ द्या, कारण हिशेब बंद करायच्या दिवशीच लिंकवर खरा भार येतो. त्या दिवशी शाखेतल्या त्याच माणसाला स्वतःहून फोन करून विचारा, आज किती वेळा गेलं?